आर्कल नॉव्हिस चेसवर पैसे लावण्यापूर्वी: भाव सगळ्यात शेवटी बघा

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस खेळणारी बरीच मंडळी मार्च आला की इंग्लंडातल्या चेल्टनहॅमच्या अडथळ्यांच्या शर्यतींचं बोलायला लागतात. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी लोकांपैकी अनेकांची वर्षातली एकुलती एक बेट (पैज) त्याच आठवड्यात लागते. आणि दरवर्षी तीच चूक होते. पंटर (पैसे लावणारा) आधी भाव बघतो, फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, कोण ते पाहतो, मग त्या घोड्याच्या बाजूने किंवा विरोधात कारणं शोधतो. कामं सगळी बरोबर असतात, क्रम उलटा असतो. भाव एकदा डोळ्यांत भरला की पुढे जे काही दिसतं ते त्याच रंगाचं दिसतं.

या लेखासाठी एकच शर्यत घेतली आहे: चेल्टनहॅम फेस्टिव्हलच्या पहिल्या दिवशी, मंगळवारी होणारी आर्कल चॅलेंज ट्रॉफी. ही नॉव्हिस चेस, म्हणजे नवख्या घोड्यांची फेन्सवरची (उंच, पक्क्या अडथळ्यांवरची) शर्यत. ग्रेड वन म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, जेमतेम दोन मैल, १३ फेन्सेस. पद्धत इतर मोठ्या नॉव्हिस चेसलाही चालेल, फक्त अंतराचा हिशेब बदलेल.

## सुरू करण्यापूर्वी: कायदा, रक्कम, वही

भारतात बसून परदेशी वेबसाइटवर किंवा ॲपवर पैसे लावू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. ‘व्हीपीएन लावून चालतं’ असं सांगणारा मित्र पैसे अडकल्यावर फोन उचलत नाही. भारतातल्या वाचकाने पुढचे सगळे टप्पे कागदावर करावेत. अभ्यासाची मजा तेवढीच आहे, आणि कागदावरचा तोटा बायकोला सांगावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये असाल तर वय १८ पूर्ण हवं आणि खातं परवानाधारक बुकमेकरकडे हवं. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला तिथे एप्रिल २०२० पासून बंदी आहे, आणि ती वाट शोधायची गरज भासू लागली असेल तर याच टप्प्यावर थांबा. स्वतःला आवर घालता येत नसेल तर ‘गॅमस्टॉप’वर नाव नोंदवलं की परवानाधारक साइट्स बंद होतात.

रक्कम आत्ताच ठरवा. पूर्ण गेली तरी महिन्याच्या खर्चाला धक्का लागणार नाही एवढीच. पुढे एखादा घोडा कितीही आवडला तरी हा आकडा वाढवायचा नाही.

वहीत प्रत्येक घोड्याला एक पान द्या. पानावर भावासाठी जागा ठेवू नका.

## टप्पा १: शर्यत काय मागते ते आधी लिहा

घोड्यांकडे वळण्याआधी शर्यतीचं पान भरा.

नॉव्हिस म्हणजे ढोबळमानाने असा घोडा, ज्याने चालू हंगाम सुरू होण्यापूर्वी फेन्सवरची एकही शर्यत जिंकलेली नाही. म्हणजे इथे आलेल्या बहुतेकांच्या गाठीला दोन-चार चेसचाच अनुभव असतो. फ्लॅट रेसिंगची सवय असलेला आपला पंटर इथे पहिल्यांदा घसरतो. महालक्ष्मीला जो जास्त वेगाने पळतो तो जिंकतो. इथे जो १३ वेळा कमीत कमी वेग गमावतो तो जिंकतो.

हर्डल आणि फेन्स यांतला फरकही लिहून ठेवा. हर्डलची किमान उंची साडेतीन फूट आणि ती धक्का लागला की झुकते. फेन्स किमान साडेचार फुटांची, घट्ट बांधलेल्या बर्चची. ती झुकत नाही. हर्डलवर पाय घासत जाणारा घोडा खपून जातो, फेन्सवर तोच घोडा प्रत्येक वेळी थोडं थोडं देणं वाढवत नेतो.

आता कोर्स. चेल्टनहॅमला मंगळवार-बुधवारी ओल्ड कोर्स वापरतात, गुरुवार-शुक्रवारी न्यू कोर्स. दोन्ही डाव्या हाताचे, म्हणजे घोडे डावीकडे वळत पळतात. ओल्ड कोर्स जास्त आवळलेला, वळणं लवकर येतात. वरच्या टोकाला पोहोचलं की उतार लागतो, उतारावर वेगात असतानाच फेन्स येते, मग वळण, मग सरळ रस्त्यात शेवटच्या दोन फेन्सेस आणि त्यानंतर तो कुप्रसिद्ध चढ.

शेवटून दुसऱ्या फेन्सला लाल शाईने खूण करा. २०१७ मध्ये चार्बेल आघाडीवर असताना तिथेच पडला आणि आल्टियॉर पुढे निघून गेला. २०२५ मध्ये १/२ भावाचा (दोन लावले तर एक नफा) फेव्हरिट मॅजबरो तिथेच जोरात आदळला आणि तिसरा आला. उतारावरून आलेला वेग, वळणानंतर बिघडलेला तोल आणि बाजूला लागून आलेला प्रतिस्पर्धी, ही तिन्ही संकटं त्या एका ठिकाणी एकत्र भेटतात.

तपासणी: पान वाचून एका वाक्यात सांगता येतं का? माझं वाक्य असं आहे: “दोन मैलांचा पळ, अडीच मैलांचा दम, आणि वेगात असताना न चुकणारी उडी.”

## टप्पा २: नक्की पळणार कोण?

घोडा आर्कलमध्ये पळणारच नसेल तर अभ्यास फुकट. मोठ्या तबेल्यांचे घोडे एकाच वेळी दोन-तीन शर्यतींत नोंदवलेले असतात. २०२५ पासून हे अवघड झालं आहे, कारण फेस्टिव्हलमधली अडीच मैलांची ग्रेड वन नॉव्हिस चेस त्या वर्षापासून हँडिकॅप (चांगल्या घोड्याला जास्त वजन देणारी) केली. मधल्या अंतराच्या उत्तम घोड्याला आता दोन मैलांची आर्कल किंवा बुधवारची तीन मैलांची ब्राउन ॲडव्हायझरी, असा कौल लावावा लागतो.

याचा परिणाम लगेच दिसला. २०२५ चा विजेता जँगो बे आर्कलपूर्वीच्या महिन्यात सँडाउनला अडीच मैलांवर हरून आला होता. दोन मैलांच्या वेगाला तो पुरेल का, अशी शंका बहुतेकांना होती. आर्कलमध्ये मध्येच मागे पडल्यासारखा वाटला आणि चढावर सगळ्यांना गाठून जिंकला. तेव्हा ‘हा दोन मैलांचा घोडा नाही’ म्हणून कोणाला लगेच खोडू नका. पानावर ‘अंतर कमी करून येतोय’ एवढंच लिहा आणि पुढे जा.

एकाच ट्रेनरचे तीन घोडे यादीत असतील तर जॉकीचं नाव जाहीर होईपर्यंत त्यांतल्या कोणावरच मत बनवू नका. पण पहिल्या जॉकीने निवडलेला घोडाच जिंकतो असंही धरू नका. जॉकीही आपल्यासारखेच चुकतात, फक्त उंचावरून.

अंतिम यादी शर्यतीच्या दोन दिवस आधी येते. त्याआधी अभ्यास जरूर करा, निर्णय नको.

> सावधान: २०२४ च्या डिसेंबरात केम्प्टनची शर्यत जिंकून सर जिनो आर्कलचा ठळक फेव्हरिट झाला होता. पुढे पायाच्या दुखण्याने तो चेल्टनहॅमपर्यंत पोहोचलाच नाही. त्याच्यावर अँटी-पोस्ट, म्हणजे आठवडे आधी, लावलेले पैसे गेले. घोडा हरला नव्हता, पळालाच नव्हता.

## टप्पा ३: आकडे वाचा, पण अक्षरं आधी

रेसकार्डावर (शर्यतीच्या यादीत) घोड्याच्या नावापुढे मागच्या निकालांची रांग असते. आपल्याकडे सगळे १, २, ३ शोधतात. चेसमध्ये अक्षरं आधी शोधा: एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, पी म्हणजे मध्येच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यामुळे पडला, आर म्हणजे उडी नाकारली. ‘बी’ असेल तर घोड्याचा दोष नाही. ‘एफ’ असेल तर कुठे, कितव्या फेन्सला आणि कोणत्या वेगात पडला, हे पुढच्या टप्प्यात बघायचं आहे. थकून शेवटच्या फेन्सला पडणं आणि ताज्या दमात दुसऱ्याच फेन्सला पडणं हे दोन वेगळे आजार आहेत.

मग कोणत्या शर्यतींतून आला ते बघा. आर्कलकडे येणाऱ्या मुख्य वाटा ठरलेल्या आहेत: डिसेंबरात सँडाउनची हेन्री एट्थ, नाताळानंतर केम्प्टनची वेवर्ड लॅड, आयर्लंडात नाताळच्या लेपर्ड्सटाउनची ग्रेड वन आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीची आयरिश आर्कल, शिवाय फेब्रुवारीतच वॉरिकची किंगमेकर. सँडाउन आणि केम्प्टन उजव्या हाताचे. लेपर्ड्सटाउन आणि वॉरिक डाव्या हाताचे. केम्प्टन सपाट आहे, तिथे चढाचा प्रश्नच विचारला जात नाही.

हर्डलवरच्या जुन्या लढाया किती मोजाव्यात? माझ्या मते थोड्याच. २०२२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) कोर्सला हर्डलवर जॉनबॉनने एल फाबिओलोला थोडक्यात हरवलं होतं. पुढच्या वर्षी आर्कलमध्ये फेन्सवर एल फाबिओलोने त्याच जॉनबॉनला स्पष्ट मागे टाकलं. हर्डलवरचं रेटिंग इंजिन किती मोठं आहे ते सांगतं. गाडी खड्ड्यांतून कशी जाते ते सांगत नाही.

तीन बारीक गोष्टी कार्डावरून टिपून घ्या. घोडी असेल तर तिला वजनात सात पौंडांची सूट मिळते. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल तर ब्रिटनमध्ये २०१८ पासून ते कार्डावर लिहावं लागतं. आणि हूड, चीकपीस, टंग-टाय (घोड्याच्या डोक्याला किंवा जिभेला लावायची साधनं) पहिल्यांदाच लावलं असेल तर ट्रेनरला काहीतरी खटकतंय. यांपैकी एकाही गोष्टीवर बेट उभी राहत नाही. पानावर असू द्या.

## टप्पा ४: व्हिडिओ. इथे घाई केलीत तर बाकी सगळं वाया

एकूण वेळेतला अर्धा वेळ इथे द्या. निकालाचा तक्ता सांगतो घोडा सात लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) जिंकला. तो कसा जिंकला हे फक्त चित्र सांगतं. प्रत्येक घोड्याच्या फेन्सवरच्या सगळ्या शर्यती बघा. नॉव्हिस असल्याने त्या तीन-चारच असतात.

एक शर्यत दोनदा बघायची. पहिल्यांदा आवाज बंद करून, फक्त तुमच्या घोड्याकडे. समालोचकाचा उत्साह उडीचा दर्जा ठरवतो, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्यांदा आवाजासकट, बाकीचे कुठे होते ते बघण्यासाठी.

पहिल्या वेळी प्रत्येक फेन्सला एक खूण करा:

- अधिक: लांबून, तालात झेप घेतली आणि उतरताना एक लेंग्थ कमावली.
- शून्य: सुरक्षित पार झाला, पण उडीआधी ढांगा तोडून आखूड केल्या, वेग गेला.
- उणे: फेन्समध्ये शिरला, उतरताना नाक जमिनीकडे गेलं, किंवा जॉकीला लगाम सोडून मागे रेलावं लागलं.
- डावा किंवा उजवा बाण: उडी मारताना हवेत बाजूला सरकला.

आता या खुणांना वजन द्यायचं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. सगळ्या खुणा सारख्या नसतात. नॉव्हिस घोडा एकटा आघाडीवर, समोर मोकळी फेन्स, मागचे दहा लेंग्थ दूर: अशा वेळी मारलेली झकास उडी फारसं काही सिद्ध करत नाही. चार घोड्यांच्या छोट्या शर्यतीत १/६ भावाने जिंकलेला घोडा पानावर अधिक-अधिक-अधिक दिसतो आणि आर्कलमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या खांद्याला खांदा लावून फेन्सकडे धावतं. तिथे त्याचं खरं शिक्षण सुरू होतं, आपल्या पैशांवर.

म्हणून दुप्पट वजन फक्त तीन प्रकारच्या उड्यांना: पूर्ण वेगात शेजारी घोडा असताना मारलेली, उतारावरची, आणि दमल्यानंतर शेवटच्या दोन फेन्सेसवरची. एखाद्या घोड्याच्या पानावर अशी एकही उडी सापडत नसेल, तर त्याच्या उडीपुढे ‘चांगली’ न लिहिता ‘माहीत नाही’ लिहा. या दोन शब्दांतल्या फरकावर मी स्वतः बरेच पौंड घालवले आहेत.

चूक झाल्यावर घोडा काय करतो हेही बघा. एक फेन्स चुकली की पुढच्या फेन्सला काही घोडे घाबरून आखूड होतात. काही जणू काही झालंच नाही असे पुन्हा लांबून झेपावतात. २०१८ मध्ये फूटपॅड मध्येच एका फेन्सला जोरात चुकला, तरी १४ लेंग्थने जिंकला. चूक नसणं हा गुण आहेच, पण चूक पचवणं त्याहून मोठा.

बाणांचं काय करायचं? डाव्या हाताच्या कोर्सवर उजवीकडे सरकणारा घोडा प्रत्येक फेन्सला बाहेर फेकला जातो आणि जमीन गमावतो. पण हा नियम दगडावरची रेघ नाही. गेलिक वॉरियर उजवीकडे उडी मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि २०२४ ची आर्कल त्यानेच आरामात जिंकली. बाणासाठी टक्के कमी करा, घोडा खोडू नका.

तपासणी: प्रत्येक घोड्यासाठी दोन ओळींत लिहा, उडी कशी आणि दबावाखाली पाहिली का. लिहिता येत नसेल तर व्हिडिओ पुन्हा लावा.

## टप्पा ५: जमीन आणि दम

लवकर उरकण्यासारखा टप्पा. गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी (टणक जमिनीपासून चिखलापर्यंत): घोड्याच्या चेसमधल्या आणि हर्डलवरच्याही सर्व शर्यती या क्रमाने मांडा. फक्त एकाच प्रकारच्या जमिनीवर पळालेला घोडा दुसरीवर पळणार नाही असं नाही, पण तिथे पुन्हा ‘माहीत नाही’ येतं. मोठ्या आयरिश घोड्यांचा हिवाळा बहुतेक मऊ जमिनीवर जातो. फेस्टिव्हलच्या पहिल्या दिवशी जमीन त्यापेक्षा वेगवान असू शकते, आणि मग चिखलात उठून दिसणारा दम तेवढा उपयोगी पडत नाही.

दमासाठी एकच प्रश्न: हा घोडा शेवटच्या फेन्सनंतर अंतर वाढवतो की कसाबसा टिकवतो?

## टप्पा ६: शर्यत कशी पळवली जाईल?

घोडे एकेकटे तपासून झाले. आता सगळी पानं जमिनीवर मांडा आणि विचारा: पुढे कोण जाणार?

आघाडीशिवाय पळूच न शकणारे दोन घोडे असतील तर ते एकमेकांना खातात. २०१८ मध्ये सेंट कॅल्व्हाडोस आणि पेटी मुश्वार सुरुवातीपासून असे भिडले की शर्यत संपण्याआधीच दोघांचाही दम संपला होता. फूटपॅडच्या १४ लेंग्थमध्ये त्या भांडणाचाही वाटा होता. उलट एकच पुढे पळणारा असेल आणि बाकी सगळे वाट बघणारे, तर त्या एकट्याला आपल्या तालात उड्या मारता येतात. त्याचे टक्के वाढवा.

कागदावर प्रत्येक घोड्यापुढे पु, म, शे लिहा: पुढे, मध्ये, शेवटी. एवढं पुरे. संगणकाचे नकाशे काढत बसू नका; पाच-सात घोड्यांच्या शर्यतीत एका जॉकीने मत बदललं की नकाशा केरात.

## टप्पा ७: स्वतःचे टक्के लिहा

अजूनही भाव पाहिलेला नाही ना? छान.

प्रत्येक घोड्याला जिंकण्याचे टक्के द्या. बेरीज १०० व्हायलाच हवी. या सक्तीतच सगळी शिस्त आहे: एकाला पाच टक्के जास्त द्यायचे तर ते दुसऱ्याच्या खिशातून काढावे लागतात. समजा पाच घोडे आहेत आणि तुमचा कागद असा झाला: अ ५०, ब २२, क १७, ड ९, ई २.

दोन गोष्टी विसरू नका. ज्याच्या पानावर ‘माहीत नाही’ जास्त, त्याला शून्याजवळ टाकू नका. २०१४ मध्ये वेस्टर्न वॉरहॉर्स फेन्सवर फक्त एकदा पळून आर्कलला आला आणि ३३/१ भावाने जिंकला. आणि कोर्सवरचा अनुभव मोजा. २०२० ची विजेती घोडी पुट द केटल ऑन १६/१ ला मिळत होती, पण तीच घोडी नोव्हेंबरात चेल्टनहॅमलाच आर्कल ट्रायल जिंकून गेली होती, शिवाय तिला वजनात सात पौंडांची सूट होती. माहिती सगळ्यांसमोर होती. लोक भावाकडे बघत होते.

टक्के लिहून तारीख घाला आणि कागद घडी करून ठेवा. पुढे खाडाखोड नाही.

## टप्पा ८: आता भाव

ब्रिटनमधला भाव अपूर्णांकात असतो. ६/१ म्हणजे एक लावला तर सहा नफा आणि आपला एक परत. टक्के काढण्यासाठी खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. ६/१ साठी १ भागिले ७, म्हणजे १४.३. ४/६ साठी ६ भागिले १०, म्हणजे ६०.

समजा बाजारात अ ४/६, ब ७/२, क ६/१, ड १०/१, ई ३३/१ आहे. टक्के होतात ६०, २२.२, १४.३, ९.१ आणि २.९. बेरीज १०८.५. शंभरावरचे साडेआठ हा बुकीचा हिस्सा. म्हणजे डोळे मिटून खेळलात तर दीर्घकाळात तुम्ही हरणारच, हे गणितातच लिहिलेलं आहे.

आता घडी उघडा. अ ला तुम्ही ५० दिले, बाजार ६० मागतोय: महाग. ब आणि ड बाजाराच्या एवढ्या जवळ आहेत की सोडून द्या. ई ला तर बाजारानेच तुमच्याहून जास्त दिलेत. क ला तुम्ही १७ दिले आणि बाजार १४.३ ला देतोय. तुमच्या हिशेबाने त्याचा योग्य भाव ५/१ च्या किंचित खाली आहे आणि मिळतोय ६/१. बेट असलीच तर ही.

इथे पंटरच्या मनात चलबिचल होते. “पण मला तर वाटतं अ जिंकेल!” बरोबर आहे. तुमच्याच कागदावर तो जिंकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. प्रश्न कोण जिंकेल हा नाही, कोणाची किंमत चुकली आहे हा आहे. छोट्या भावाचे घोडे हरतात म्हणूनही त्यांना सोडायचं नाही: डूवाँ आणि आल्टियॉर १/४ ला जिंकले, शिशकिन ४/९ ला. तुमच्या कागदावर ८५ टक्के असते तर १/४ हाही चांगला भाव ठरला असता. मॅजबरोच्या वेळी प्रश्न एवढाच होता की १/२, म्हणजे ६६.७ टक्के, त्याच्या उडीला शोभत होते का.

आणि क मध्ये असा फरक निघालाच नाही तर? तर वही मिटून शर्यत बघायची. बेट न लावणं हा या पद्धतीचा सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल आहे.

> सावधान: फरक फारच मोठा निघाला, म्हणजे तुमचे ३० आणि बाजाराचे ८, तर बहुधा चूक तुमची आहे. टप्पा ४ पुन्हा करा.

## टप्पा ९: कोणत्या प्रकारची बेट

अँटी-पोस्ट: आठवडे आधी लावलेल्या बेटेत घोडा पळाला नाही तर पैसे गेले, परतावा नाही. फेस्टिव्हल जवळ आला की बरेच बुकी ‘नॉन-रनर, नो बेट’ देतात, म्हणजे घोडा न पळाल्यास रक्कम परत. ती सवलत सुरू होण्यापूर्वी लावायचं तर भाव दुप्पट तरी चांगला हवा.

ईच-वे: ही एक बेट नसून दोन आहेत, अर्धी विनवर (घोडा जिंकण्यावर), अर्धी प्लेसवर (पहिल्या काहींत येण्यावर). पाच ते सात घोड्यांत साधारणपणे पहिल्या दोघांना एक-चतुर्थांश भाव मिळतो. आठ किंवा जास्त असतील तर पहिल्या तिघांना एक-पंचमांश. चार किंवा कमी घोडे असतील तर प्लेसच नाही. आर्कलला २०२५ मध्ये पाचच घोडे पळाले, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही. शर्यत सुटताना किती घोडे आहेत ते मोजलं जातं; शेवटच्या क्षणी एक गळाला आणि पाचाचे चार झाले की तुमची प्लेस हवेत विरते.

क वर पाच पौंड ईच-वे म्हणजे दहा पौंड गेले. तो दुसरा आला तर विनचे पाच बुडाले, प्लेसवर ६/१ चा चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात नफा. हातात निव्वळ अडीच. ‘ईच-वे सुरक्षित’ हा समज या अडीच पौंडांवर तपासून बघा.

रूल फोर: अंतिम यादीनंतर एखादा घोडा गळाला तर उरलेल्यांच्या नफ्यातून कपात होते, आणि गळालेल्याचा भाव जितका छोटा तितकी कपात मोठी. क वर तुम्ही ६/१ ने दहा पौंड विन लावले आणि ४/६ चा फेव्हरिट अ सकाळी लंगडला, तर प्रत्येक पौंड नफ्यातले ५५ पेन्स कापले जातात. ६० पौंडांच्या जागी २७ येतात. बुकीने फसवलं म्हणून दुकानात भांडू नका, नियम तसाच आहे.

## टप्पा १०: शर्यतीचा दिवस

सकाळी जमिनीचा ताजा अहवाल बघा आणि टप्पा ५ शी ताडून पाहा. जमीन एका पायरीने बदलली असेल तरच टक्क्यांना हात लावा. वहीतली खाडाखोडीची बंदी फक्त एवढ्याच कारणासाठी उठते.

आर्कलच्या आधी हर्डलची शर्यत होते. ती वेगळ्या पट्ट्यावर होत असली तरी जॉकी कुठली जमीन टाळतात आणि चढावर घोडे किती दमतात ते दिसतं.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, किंवा टीव्हीवर, घोडा घामाने निथळतोय का, मोतद्दाराला ओढत नेतोय का, एवढंच बघा. २०२० मध्ये फेव्हरिट नोटबुक शर्यतीआधीच इतका तापला होता की अर्धी ताकद तिथेच संपली, आणि शर्यतीत तो कुठेच नव्हता. थोडा घाम सगळ्यांनाच येतो. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तरच बेट मागे ठेवा.

शेवटच्या दहा मिनिटांत भाव हलतील. क ६/१ चा ४/१ झाला तर बाजार २० टक्के मागतोय, तुमचे १७ आहेत. सोडून द्या. ‘घोडा चालतोय, कोणाला तरी माहिती आहे’ असं म्हणत मागे धावणाऱ्यांची रांग मी पुण्याच्या बुकींच्या रिंगमध्येही पाहिली आहे आणि चेल्टनहॅमलाही. दोन्हीकडे ती घरी पायीच जाते. क ८/१ झाला तर मात्र घाबरू नका, ठरवलेलीच रक्कम लावा, वाढवू नका.

शर्यत झाल्यावर, निकाल काहीही असो, त्याच संध्याकाळी व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा लावा आणि प्रत्येक घोड्याच्या पानावर तेराही फेन्सेसच्या खुणा भरा. यांतलेच घोडे पुढच्या महिन्यात एंट्री कोर्सला आणि आयर्लंडातल्या पंचेस्टाउनला भेटतील, आणि ‘माहीत नाही’ लिहिलेल्या जागी तोवर काहीतरी लिहिलेलं असेल.